जुन्या स्कायरिममधल्या सावल्या नीट केल्या, त्याची हकिकत

14 जून 2025, शनिवार. संध्याकाळी बाबा माझ्या मागे खुर्ची टाकून बसले होते. मे महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ते घरातली प्रत्येक गोष्ट नव्यानं बघत होते. भिंतीवरची भेग, पंख्यावरची धूळ, माझ्या केसांतले पांढरे. मी स्कायरिम या कॉम्प्युटर गेममध्ये, त्यातल्या रिव्हरवुड गावातल्या दुकानात उभी होते. बाबा पडद्याकडे वाकले आणि म्हणाले, "अगं, ते मडकं फळीवर ठेवलेलं नाहीये. तरंगतंय."

हा गेम मी 2012 पासून खेळते आहे. त्या दुकानात शेकडो वेळा गेले असेन, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. आता दिसलं, आणि मग मडकंच नाही, टेबलावरच्या थाळ्या, कोपऱ्यातली पिंपं, भिंतीला लावलेली शिडी, सगळंच आपापल्या जागेवरून बोटभर सुटलेलं वाटायला लागलं.

बाबा ड्राफ्ट्समन होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 साली सुरू केलेल्या कलाभवनाच्या इमारतीत त्यांचं शिक्षण झालं आणि पुढे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर आयुष्य काढलं. त्यांनी स्वयंपाकघरातून पितळी तांब्या आणला, खिडकीशी टेबलावर ठेवला आणि वीजबिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढायला घेतला. आधी नुसती बाह्यरेषा, मग एका बाजूची छटा, मग टेबलावर पडलेली लांब सावली. तरीही तांब्या बसेना. शेवटी त्यांनी टूबी पेन्सिलीचं टोक आडवं धरून तांब्याच्या बुडाशी एक बारीक, गर्द रेघ ओढली. गव्हाच्या दाण्याएवढी जाड असेल. तांब्या टेबलावर बसला. "ऊन कुठूनही येऊ दे," ते म्हणाले, "वस्तू टेकते तिथं उजेड शिरत नाही. तुझ्या गेममध्ये ही रेघच नाहीये."

त्या रेघेसाठी पुढचे सव्वादोन महिने गेले. मी अकाउंट्सचं काम करते, संगणकाचं शिक्षण नाही. मला जे अडलं ते दुसऱ्या कुणाला अडू नये म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

आधी एक फरक समजून घ्यावा लागला, तो कळायलाच मला आठवडा लागला. गेममधलं शेडिंग म्हणजे दोन निराळ्या गोष्टी असतात. एक, उन्हाची किंवा दिव्याची पडलेली सावली. दुसरी, बाबांची रेघ, म्हणजे जिथं आजूबाजूच्या वस्तूंमुळे उजेड पोचत नाही तिथला दबका अंधार. फ्रिजखाली, देवघराच्या कोपऱ्यात, दाराच्या फटीत असतो तो. याला अँबियंट ऑक्लूजन म्हणतात. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू किती खोल आहे हे बघून, आसपासचे बिंदू त्याला किती झाकतात याचा अंदाज घेऊन तो काळवंडवायचा, ही युक्ती व्यावसायिक गेममध्ये पहिल्यांदा 2007 च्या क्रायसिसमध्ये आली. स्कायरिम 11 नोव्हेंबर 2011 ला आला, पण त्याच्या मूळ आवृत्तीत ती नाही. 2016 च्या स्पेशल एडिशनमध्ये आहे. म्हणून आज नव्यानं विकत घेणाऱ्यानं सरळ तीच घ्यावी, यातलं निम्मं काम वाचेल. माझ्याकडे मूळ आवृत्तीच्या डिस्कचा जुना डबा होता, त्या गेममध्ये दादाचे आणि माझे तेरा वर्षांचे सेव्ह (साठवून ठेवलेले खेळ) होते, आणि मला तोच गेम हवा होता.

15 जूनच्या रविवारी पडलेल्या सावल्यांपासून सुरुवात केली, कारण त्याला पैसे लागत नव्हते. डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात स्कायरिम, आणि त्यात स्कायरिमप्रेफ्स नावाची आयएनआय फाईल, म्हणजे गेमच्या सेटिंग्जची फाईल, असते. ती नोटपॅडमध्ये उघडते. उघडण्याआधी तिची एक प्रत डेस्कटॉपवर ठेवा. मी ठेवली नव्हती. गेमच्या लाँचरमध्ये (गेमच्या आधी उघडणाऱ्या खिडकीत) जाऊन क्वालिटी बदलली की तो ही फाईल स्वतःच्या मर्जीनं पुन्हा लिहितो, आणि माझी पहिल्या दिवशीची सगळी मेहनत त्यात गेली.

त्या फाईलमध्ये डिस्प्ले या भागात सावल्यांच्या ओळी आहेत. नावं रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहिलेली आहेत. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी तोडून लिहिते. आय शॅडो मॅप रिझोल्यूशन म्हणजे सावलीचं चित्र किती ठिपक्यांचं असावं. एफ शॅडो डिस्टन्स म्हणजे किती दूरपर्यंत सावल्या दिसाव्यात. अल्ट्रा निवडलं की पहिला आकडा 4096 होतो आणि दुसरा 8000.

मी आधी पहिला आकडाच वाढवत बसले. सगळे तेच करतात. 4096 म्हणजे 4096 गुणिले 4096 ठिपके, तो 8192 केला की ठिपके चौपट होतात आणि मेमरीही चौपट लागते. हा गेम 32 बिटचा आहे, त्याला मुळात मेमरी मोजून मिळते. दोनदा गेम बंद पडला आणि मी मागे फिरले.

उपाय दुसऱ्या आकड्यात होता. पिठाचा गोळा तेवढाच असेल तर पोळी जितकी मोठी लाटाल तितकी पातळ होते. सावलीचे ठिपकेही तेवढेच असतात, ते 8000 अंतरावर पसरले की जवळच्या सावलीला जेमतेम येतात आणि तिच्या कडा पायऱ्या पायऱ्यांच्या दिसतात. अंतर 8000 वरून 3500 वर आणलं आणि माझ्या पायाशी पडलेली कुंपणाची सावली एकदम रेखीव झाली. त्या बदल्यात दूरच्या झाडांच्या सावल्या गेल्या. मला ते चाललं. ज्याला टेकडीवर उभं राहून देखावे बघायचे आहेत त्याला चालणार नाही, त्यानं 5000 च्या आसपास बघावं.

याच भागात आणखी दोन ओळी शून्यावर असतात, त्या एक करायच्या: बी ट्रीज रिसीव्ह शॅडोज आणि बी ड्रॉ लँड शॅडोज. पहिलीनं झाडांवर सावल्या पडतात, दुसरीनं डोंगर-टेकड्यांची जमीन स्वतः सावली पाडते. आय ब्लर डिफर्ड शॅडो मास्क या ओळीतला आकडा लहान केला की सावलीची कड धारदार होते, मोठा केला की मऊ. मी 3 च ठेवला. सूर्य सरकतो तसतशा सावल्या एकदम उडी मारून पुढे जातात, ते थांबवण्याचेही आकडे आहेत, ते मी बदलून बघितले. उडी लहान झाली पण कड सतत थरथरायला लागली. परत होते तसे केले.

बाबांना दाखवलं. त्यांनी कुंपणाची सावली बघून मान डोलावली, मग म्हणाले, "मडकं?"

मडकं तसंच होतं. शिवाय माझ्या जुन्या जीटी 730 ग्राफिक्स कार्डावर एवढ्या सावल्यांनी गेम व्हाइटरन शहरात सेकंदाला 17 ते 19 फ्रेमवर, म्हणजे चित्रांवर, आला होता. चालताना चित्र अडखळायचं. तिथून पुढे पैशांशिवाय जमणार नव्हतं.

5 जुलैला, शनिवारी, सयाजीगंजमधल्या एका दुकानातून वापरलेलं जीटीएक्स 1050 टीआय घेतलं, 4 जीबीचं, 5,200 रुपयांना. हेच का, तर माझ्या दहा वर्षं जुन्या मशीनचा पॉवर सप्लाय बदलायचा नव्हता. हे कार्ड 75 वॅटच्या आत चालतं आणि ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात. पण याच नावाची काही मॉडेल वेगळी सहा पिनांची वायर मागणारीही आहेत, म्हणून घेताना कार्डाच्या कडेला तसा सॉकेट नाही ना हे हातात घेऊन बघा. वापरलेल्या मालावर दुकानदारानं पंधरा दिवसांची हमी तोंडी दिली. मी ती बिलावर लिहून मागितली, त्यानं लिहिली. सीरियल नंबर लिहून घ्यायचं मात्र राहिलं.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर हिरवे ठिपके यायला लागले. 9 तारखेला ऑफिसातून अर्धा दिवस घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "बेन, बिल लाव्या छो?" बिल होतं. पण हेच कार्ड आमच्याकडून नेलं हे कशावरून, असा प्रश्न आला, कारण नंबर नाही. पाऊण तास उभी होते. सुटका झाली ती एका फोटोमुळे. कार्ड बसवायच्या आधी मी दादाला दाखवायला काउंटरवरच त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला होता, त्यात मागचं स्टिकर आणि तारीख दोन्ही होतं. दुसरं कार्ड यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मला फार जड गेले. पाच हजार बुडाले असंच मनानं धरलं होतं, आणि बाबांना काही सांगितलं नव्हतं. 18 जुलैला दुसरं कार्ड मिळालं, या वेळी सीरियल नंबरासकट बिल, आणि दुकानातच अर्धा तास चालवून बघितलं.

त्याच दिवशी मशीन दुकानात ठेवून 240 जीबीची एसएसडी बसवून घेतली, 1,650 रुपये आणि मजुरी 400. मशीनवर तोवर विंडोज 7 होतं. 1 जानेवारी 2024 पासून स्टीमनं (हा गेम ज्या ऑनलाइन दुकानाच्या खात्यावरून चालतो त्यानं) विंडोज 7 चा आधार काढला आहे, त्यामुळे माझा गेम इतके दिवस ऑफलाइनच चालत होता. विंडोज 10 टाकायचं म्हणजे सगळं पुसणार. या वेळी माय गेम्सचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर आणि शिवाय दादाच्या ड्राइव्हवर ठेवलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या कारेलीबागच्या घरात शिरलं, तेव्हा हेच मशीन जेवणाच्या टेबलावर, त्यावर पाट, असं ठेवून वाचवलं होतं. त्यातले सेव्ह एका फॉरमॅटमध्ये घालवायचे नव्हते.

सेव्ह राहिले, पण स्टीममध्ये शिरताच येईना. 2012 मध्ये डिस्क विकत घेतली तरी गेम स्टीमवर नोंदवावा लागायचा. तो मी ज्या ई-मेलवर नोंदवला तो ई-मेल बंद, फोन नंबर बदललेला, पासवर्ड दहा वर्षांत टाइप केलेला नाही. 20 जुलैला स्टीम सपोर्टकडे खातं परत मिळवण्याची विनंती टाकली. मालकीचा पुरावा म्हणून त्यांनी मूळ डब्यातल्या कागदावरच्या सीडी-कीचा फोटो मागितला, आणि त्याच कागदावर विनंतीचा क्रमांक पेनानं लिहून. आईनं तो डबा माळ्यावर शिवणाच्या सामानात ठेवला होता. कागद किंचित पिवळा पडलेला, पण अक्षरं शाबूत होती. 24 तारखेला खातं उघडलं. तुमच्याकडे असे जुने डबे असतील तर फेकू नका, आणि खात्यावरचा ई-मेल व नंबर आजच्या आज बघून घ्या.

26 जुलैला, शनिवारी, पहिल्यांदा मडकं टेकलं.

एनव्हिडियाच्या, म्हणजे या कार्डाच्या कंपनीच्या, कंट्रोल पॅनेलमध्ये मॅनेज थ्री-डी सेटिंग्ज, तिथे प्रोग्रॅम सेटिंग्ज, यादीतून स्कायरिम निवडायचा. अँबियंट ऑक्लूजनची ओळ तिथे आहे: ऑफ, परफॉर्मन्स, क्वालिटी. काही गेमसाठी ती ओळ चालत नाही असा शेरा दिसतो, स्कायरिमसाठी चालते. क्वालिटी केलं, गेम उघडला, दुकानात गेले. मडक्याच्या बुडाशी, फळी आणि भिंतीच्या सांध्यात, पिंपांच्या मधल्या फटीत, सगळीकडे ती रेघ आली होती. मी ओट्याकडे धावत जाऊन बाबांना बोलावून आणलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसतं "हां" म्हणाले.

पण बाहेर पडले आणि घोटाळा दिसला. धुक्याच्या सकाळी दूरच्या झाडांभोवती काळ्या कडा उमटत होत्या, धुक्याच्या पुढे. कारण असं की ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) हा अंधार धुकं रंगवून झाल्यावर वरून टाकतो, त्याला फक्त खोली कळते, मधे धुकं आहे हे कळत नाही. शिवाय व्हाइटरनच्या बाजारात 60 चे 43 फ्रेम झाले. घरात खेळणाऱ्याला हा मार्ग पुरेसा आहे, दोन मिनिटांत होतो आणि काही बिघडवत नाही. मला डोंगर हवे होते.

म्हणून ऑगस्टमध्ये रीशेडकडे, गेमच्या चित्रावर वरून इफेक्ट लावणाऱ्या एका प्रोग्रॅमकडे, वळले. हे फुकट मिळतं, पण त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. बसवताना लाँचर निवडायचा नाही, टीईएसव्ही नावाची मुख्य फाईल निवडायची, आणि डायरेक्टएक्स 9. ते गेमच्या फोल्डरमध्ये डी थ्री डी 9 नावाची एक डीएलएल फाईल ठेवतं. ती काढली की गेम पूर्ववत. हे कळल्यावर माझी भीती निम्मी झाली. इफेक्टच्या यादीतून क्विंट हा संच घेतला, त्यात एमएक्सएओ आहे, तोच हा अंधार देणारा.

पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. एमएक्सएओ चालू, पण चित्रात फरक शून्य. रीशेडमध्ये डिस्प्ले डेप्थ नावाचा एक तपासणीचा इफेक्ट आहे, तो लावला की गेमची खोली करड्या रंगात दिसते, जवळचं काळं आणि दूरचं पांढरं. माझ्याकडे सगळा पडदा एकसारखा. म्हणजे रीशेडला खोली मिळतच नव्हती. 7 ऑगस्टला रात्री बाराच्या सुमारास कारण सापडलं: गेममधलं अँटीअलायझिंग, म्हणजे कडा गुळगुळीत करणारी सोय, चालू होतं. ते चालू असताना खोलीचा बफर (खोलीची माहिती साठवलेली जागा) वाचता येत नाही. लाँचरमध्ये ते बंद केलं (आणि आयएनआय फाईल पुन्हा तपासली), ॲड-ऑन्सच्या टॅबमध्ये बफरांच्या यादीतून माझ्या पडद्याच्या मापाचा, 1920 गुणिले 1080 चा, बफर निवडला, आणि करड्या रंगात रिव्हरवुडचं अख्खं दुकान उभं राहिलं. कडांची खरखर घालवायला रीशेडमधलंच एसएमएए लावलं. ड्रायव्हरमधलं अँबियंट ऑक्लूजन मात्र बंद करा, दोन्ही एकत्र ठेवले तर कोपरे काजळीसारखे होतात.

एमएक्सएओची खरी किंमत त्यातल्या फेड आउटमध्ये आहे. किती अंतरानंतर अंधार विरायला लागावा आणि कुठे संपावा हे आपण ठरवतो. धुक्याच्या सकाळी नदीकाठी उभी राहून ते दोन आकडे इतके खाली आणले की दूरच्या झाडांच्या काळ्या कडा गेल्या. व्हाइटरनमध्ये 51 ते 54 फ्रेम मिळाले.

एक सावधगिरी. नवं कार्ड आलं की 60 फ्रेमची मर्यादा काढून टाकावीशी वाटते. या गेममध्ये काढू नका. त्यातल्या वस्तूंच्या हालचालींचं गणित 60 ला बांधलेलं आहे, फ्रेम त्याच्या फार वर गेले की खोलीत शिरल्या शिरल्या थाळ्या-मडकी खरोखरच उडतात.

एकूण खर्च 7,250 रुपये. त्यात बसच्या आणि रिक्षाच्या फेऱ्या धरलेल्या नाहीत.

24 ऑगस्टला, रविवारी, गणपतीची तयारी चालू होती. आईनं मखरासाठी पुठ्ठे कापायला बाबांना बसवलं होतं, ते तसेच हातात कात्री घेऊन आले. मी माउस त्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिल्यांदाच दुकानात स्वतः चालून बघितलं, दोनदा भिंतीवर आदळले, मग फळीपाशी पोचले. मडक्याकडे बघितलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघितलं. मग वळून टेबलाखाली बघत राहिले.

"इथे जास्त झालंय," ते म्हणाले. "एवढं काळं नसतं. दिवा आहे ना शेजारी."

मी होमचं बटण दाबून रीशेड उघडलं. अंधाराची मात्रा 2.0 होती. 1.6 केली. त्यांनी मान हलवली. 1.4. टेबलाच्या पायाशी एवढीशीच रेघ उरली.

"अजून थोडं."

1.2 वर त्यांनी कात्री खाली ठेवली.